गट क्रमांक सात

गोठ्यात सहा डुकरिणी होत्या आणि संगणक सात म्हणत होता.

मिहिरने पुन्हा मोजलं. डुकरिणींच्या पाठीवर त्याने स्वतःच निळ्या रंगाने एक ते सहा आकडे घातले होते, त्यामुळे मोजायला फारशी बुद्धी लागत नव्हती. एक, दोन, तीन. चार आडवी पडली होती. पाच, सहा. एवढ्यावर विश्वास न बसून त्याने गोठ्याच्या मामांना विचारलं. मामा पंचवीस वर्षं हा गोठा सांभाळत होते आणि आत काय आहे ते त्यांना न बघता सांगता यायचं.

"मामा, आत किती आहेत?"

"काय किती?"

"डुकरं."

मामांनी आधी डुकरांकडे पाहिलं, मग मिहिरकडे. "सहा. काल पण सहाच होती. साहेब, जेवलात का तुम्ही?"

"सातवी एखादी येत असेल का? अधूनमधून? बाहेरून?"

"आली असती तर खाल्लं असतं तिनं. खाणं सहांचंच जातंय."

हा पुरावा बिनतोड होता. मिहिर स्टुलावर बसला आणि विचार करू लागला की न खाणारं डुक्कर कसलं असतं.

मिहिर हे त्याचं खरं नाव नव्हतं. पाच वर्षं तो डुकरांच्या आवाजातल्या लयीवर संशोधन करत होता. एक घुरघुरली की दुसरी किती वेळाने घुरघुरते, मध्ये किती थांबते, एकमेकींचं बोलणं तोडतात की पुरं होऊ देतात, असला तो विषय. विभागातल्या कोणीतरी पहिल्याच महिन्यात त्याचं बारसं 'वराहमिहिर' असं केलं आणि पुढे सभ्यपणा म्हणून नावाचा शेवटचा अर्धाच भाग तोंडाने म्हणायची पद्धत पडली. पहिला अर्धा ज्याने त्याने मनात म्हणायचा. सासूबाई लोकांना सांगत, "जावई ध्वनिशास्त्रात आहेत," आणि ध्वनी कोणाचा, हे कोणी विचारायच्या आत पाणी आणायला आत जात.

गोठ्याच्या चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन टांगलेले होते. सकाळी दहा ते दुपारी चार मिहिर कुंपणाला लागून स्टुलावर बसायचा आणि कोण कुठे उभी आहे ते वहीत टिपायचा. आवाज संगणकात साठायचे. नव्वद दिवसांचे आवाज साठल्यावर त्याने संगणकाला सांगितलं, आता ज्याचे त्याचे वेगळे कर. संगणकाने सात ढीग केले.

आता कुठलाही साधा माणूस काय करील? सातव्या ढिगातला एक आवाज लावून ऐकील. पण मिहिरच्या विभागात ऐकायला मनाई होती. हा मॅडमचा नियम होता. मॅडम म्हणजे त्याच्या मार्गदर्शक. फार पूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने कोंबड्यांचे आवाज तीन महिने ऐकले आणि शेवटी कोंबडी विरहाने रडते असा प्रबंध लिहून आणला. तेव्हापासून मॅडमचं म्हणणं एकच, "कान फितूर होतो. आलेख होत नाही." त्यामुळे आवाज फक्त पाहायचा. पडद्यावर त्याचं चित्र उमटतं, त्याची लांबी मोजायची, उंची मोजायची, दोन चित्रांमधली फट मोजायची. मिहिरने पाच वर्षांत चाळीस हजारांवर आवाज पाहिले होते. ऐकलेला एकही नव्हता.

सातव्या ढिगात अकरा हजार चारशे सहा आवाज होते. ते घेऊन तो मॅडमकडे गेला.

"कसा आहे?" मॅडमनी विचारलं.

"लहान आहे. खालच्या पट्टीतला. दर वेळी अगदी सारखा. कुठल्याही डुकरिणीचं घुरघुरणं संपलं की अर्ध्या सेकंदाच्या आत हा येतो. स्वतःहून कधी सुरू करत नाही. कोणाचं मध्ये तोडत नाही. आणि याच्या मागून याचंच आणखी काही म्हणणं आलंय, असं एकदाही झालेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पडद्याला नाक लावलं. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. तीस वर्षं त्यांनी बदकं, बकऱ्या, कोंबड्या आणि डुकरं यांच्या आवाजांमधल्या फटी मोजल्या होत्या आणि त्या फटींमधून आजवर काहीही बाहेर पडलं नव्हतं.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "हे सातवं डुक्कर नाहीच. हा सहाही जणींचा मिळून एक आवाज आहे. समोरचीचं बोलून झालं की बाकीच्यांपैकी कोणीतरी म्हणते, ऐकलं गं, पुढे बोल. कळतंय का तुला? ही डुकरं नुसती बोलत नाहीत. ऐकून घेतात!"

"हं," मिहिर म्हणाला.

मॅडमनी त्या आवाजाचं नाव तिथल्या तिथे 'श्रवणहुंकार' ठेवलं.

मिहिरला आनंद झाला, पण खरं म्हणजे सुटकाच जास्त वाटली. त्याला मिळालेल्या तीन मुदतवाढींपैकी तिसरी या शुक्रवारी संपत होती. शुक्रवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर सादरीकरण करायचं आणि त्यांना काही दिसलं नाही तर नोंदणी रद्द. मग पाच वर्षं डुकरांत काढून हाताला काही लागलं नाही, हे वाक्य पुढे प्रत्येक मुलाखतीत वेगवेगळ्या शब्दांत सांगत बसायचं. आता ते टळलं होतं.

मग मॅडमनी विभागप्रमुखांना सांगितलं. विभागप्रमुखांना गेली काही वर्षं कोणी काही आनंदाचं सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते ताबडतोब सगळ्यांना सांगितलं. बुधवारी दुपारपर्यंत फलकावर कागद लागला : 'डुकरे ऐकून घेतात. शुक्रवार, सकाळी अकरा. सर्वांनी ऐकावयास यावे.' खाली बारीक अक्षरात मिहिरचं खरं नाव होतं. ते कोणाचं, असं दोघातिघांनी विचारलं. मॅडमनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन करून सांगितलं की तू जन्मभर मला जे म्हणत आलीस ते शुक्रवारी मागे घे.

गुरुवारी सकाळी विभागप्रमुख म्हणाले, "आवाज ऐकवा हो मिहिर. लोकांना आलेखांत काय कळतंय?"

मॅडमनी नाइलाजाने परवानगी दिली, फक्त लोकांपुरती. म्हणून संध्याकाळी घरी मिहिरने सातव्या गटातले काही आवाज ओळीने जोडले. डुकरिणींचं घुरघुरणं काढून टाकलं, पण मधल्या फटी मात्र मूळच्याच ठेवल्या. लयीच्या संशोधनात फट पवित्र असते. वीस मिनिटांची फीत झाली. ती नीट वाजते का, हे पाहायला त्याने ती टेबलावरच्या स्पीकरवर लावली आणि तेवढ्यात मॅडमचा फोन आला. विभागाच्या सवयीने ध्वनी चालू असताना तिथे बोलायचं नाही म्हणून तो फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतलं.

मॅडम बोलत होत्या. त्या फार खूश होत्या आणि खूश माणसाला मध्ये तोडायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस टाकीत वाकून काहीतरी शोधत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. मिहिर त्या पायांकडे पाहत "हं" म्हणत होता.

वीस मिनिटांनी तो आत आला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती. तिचा चेहरा असा काही उजळला होता की तो दचकलाच.

"चला, ठरलं तर मग," ती म्हणाली. "आईला कळवून टाकते."

"काय कळवतेस?"

"हेच, की रविवारी ये म्हणून. तीन महिने. आणि तुझं टेबल पॅसेजमध्ये. दवाखान्यातली जुनी खुर्ची माझ्या मते तुझ्या खोलीतच बसेल." मग ती जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? आज किती दिवसांनी बरं वाटलं रे. नाहीतर मी बोलत असते आणि तू मध्येच उठून जातोस. आज सगळं ऐकून घेतलंस. मी विचारलं ना, माझं बोलणं ऐकायला आवडतं का तुला अजून? आणि तू लगेच…"

"अगं," मिहिर म्हणाला, "मी बाल्कनीत होतो."

"केव्हा?"

"आत्ता. वीस मिनिटं."

बायको त्याच्याकडे पाहत राहिली.

"हं," टेबल म्हणालं.

दोघांनीही टेबलाकडे पाहिलं. फीत संपत आली होती. आणखी एक फट गेली, मूळची, पवित्र, आणि स्पीकर पुन्हा म्हणाला, "हं."

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"डुकरं," मिहिर म्हणाला. पण 'डु' म्हणतानाच त्याला तो आवाज ओळखीचा वाटू लागला होता.

बायकोने पुढे होऊन फीत पहिल्यापासून लावली आणि डोळे मिटून ऐकू लागली. इथे हे सांगायला हवं की ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर ती अशा लोकांना प्रश्न विचारायची, ज्यांच्या तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि तिचीच दोन बोटं असायची. त्यांच्याकडे उत्तराला एकच आवाज शिल्लक राहायचा. दुखतंय पण चालेल, दुखतंय आणि चालणार नाही, दुखत नाही पण भीती वाटते, मला घरी जाऊ द्या, हे सगळं त्या एका आवाजात असायचं आणि ते तिला बिनचूक ओळखू यायचं. या शहरात त्या विषयात तिच्याइतका अधिकार कोणाचा नव्हता.

पाच-सहा ऐकून तिने डोळे उघडले.

"हे डुक्कर मी ओळखते," ती म्हणाली.

"नाही गं…"

"चार वर्षं ओळखते. हा बघ. ऐक. वाक्य संपायची वाट बघतो, पण वाक्याकडे लक्ष नसतं. फक्त शेवट कधी येतोय एवढ्यावर टपलेला असतो. शेवट आला की हं. तुझा आहे हा. न ऐकता द्यायचा."

"मला वाटलं मी गोठ्यात गप्प बसतो," मिहिर म्हणाला. आणि हे त्याला मनापासून वाटत होतं. दररोज संध्याकाळी तो एक तक्ता भरायचा, त्यात शेवटची ओळ होती : 'ध्वनिमुद्रणाच्या वेळी निरीक्षक पूर्णपणे शांत होता.' त्या ओळीसमोर त्याने नव्वद वेळा सही केली होती.

"म्हणजे," बायको म्हणाली, "डुकरांना पण तोच दिलास. आणि मला पण तोच."

मिहिरला यावर काही म्हणायचं होतं. पण जे तोंडाशी आलं होतं, ते या घडीला म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले. बायको आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक सांगायचं होतं. तो श्रवणहुंकार…"

"अरे, झाली सगळी व्यवस्था!" मॅडम म्हणाल्या. "परीक्षकांनाही कळवलं. तेही म्हणाले, सभागृहात काय बघायचं, गोठ्यातच जाऊ. प्रत्यक्ष डुकरांकडूनच ऐकू."

"गोठ्यात?"

"तूच तर मगाशी हो म्हणालास."

"मी?"

"मी म्हटलं, प्रत्यक्ष दाखवू या का? तू हं म्हणालास. मी म्हटलं, पडदाही तिथेच लावू, कुठला आवाज कुठल्या गटातला ते लगेच दिसेल. तू हं म्हणालास. ताईलाही आणू का, असं विचारलं. त्यालाही हं म्हणालास. किती आत्मविश्वास होता रे तुझ्या आवाजात!"

मिहिरने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवरचे पाय आता नव्हते. त्या माणसाला तरी तो जे शोधत होता ते मिळालं असावं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गोठ्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. विभागप्रमुख, मॅडम, मॅडमच्या ताई, विभागातले वीसेक लोक, आणि मध्ये बाहेरचे परीक्षक. परीक्षक म्हणजे काटकुळे, वयस्कर, आणि हसायचं असेल तर आधी अर्ज करावा लागेल अशा चेहऱ्याचे गृहस्थ. बायको शेवटच्या रांगेत बसली होती. घरून निघताना ती एवढंच म्हणाली होती, "तू सांगणार आहेस की मी बघायला येऊ?" आणि त्याने दोन्हीपैकी कशालाच उत्तर दिलं नव्हतं, म्हणून ती आली होती.

कुंपणाशेजारी मोठा पडदा होता. एखादी घुरघुरली की तिच्या रंगाचा ठिपका पडद्यावर उमटायचा. सहा डुकरिणींचे सहा रंग, आणि सातवा, हिरवा, श्रवणहुंकाराचा.

"पूर्ण शांतता," मॅडम म्हणाल्या.

पूर्ण शांतता झाली. तीन नंबर घुरघुरली. पडद्यावर लाल ठिपका आला. सगळे पुढे वाकले. मिहिरने दात दातांवर दाबून धरले.

हिरवा ठिपका आला नाही.

सहा नंबर घुरघुरली, मग एक नंबर, मग पुन्हा तीन. पडद्यावर लाल, निळे, पिवळे ठिपके पसरले. हिरवा कुठेच नव्हता. आपल्याला गेल्या नव्वद दिवसांत किती वेळा हं म्हणावंसं वाटलं असेल, हे मिहिरला आत्ता, ते दाबताना, कळत होतं. प्रत्येक घुरघुरीनंतर त्याच्या घशात काहीतरी उसळी मारायचं आणि तो ते गिळायचा. दहा मिनिटांत त्याने इतकं गिळलं की शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी त्याला पाण्याची बाटली दिली.

"कुठंय?" परीक्षकांनी विचारलं.

"येईल," मॅडम म्हणाल्या. "लाजतायत."

पंधरा मिनिटं झाली. मागे कोणीतरी जांभई दिली. ताईंनी मॅडमकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात जन्मभराचं सगळं होतं. मॅडमनी मिहिरकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मिहिरने मान खाली घातली. सांगावं असं त्याला वाटत होतं, पण कुठल्या वाक्याने सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. 'मॅडम, मी' इथपर्यंत ते तयार होतं. पुढचं जमत नव्हतं.

तेवढ्यात मामा कुंपणाच्या बाजूने वाकून त्याच्या कानाशी आले. "साहेब, पाण्याचा नळ दुरुस्त करायला माणूस आलाय. त्याला थांबवू का आत सोडू? नंतर तो यायचा नाही."

"हं," मिहिर म्हणाला.

पडद्यावर भला मोठा हिरवा ठिपका उमटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. डुकरिणी दचकून कोपऱ्यात गेल्या. विभागप्रमुख उठून उभे राहिले. "दिसला! दिसला!" ताईंनी पर्समधून रुमाल काढून बहिणीच्या हातात दिला आणि मॅडम रडू लागल्या. कोणीतरी मिहिरच्या पाठीवर थाप मारली. शेवटच्या रांगेत एकच व्यक्ती टाळ्या वाजवत नव्हती आणि तो नेमका तिच्याकडेच पाहत होता. ती रागावलेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण एखाद्याचा दात काढायच्या आधी ती जशी थांबून पाहायची, तशी ती पाहत होती.

"मी आहे," मिहिर म्हणाला.

"अरे, तूच!" मॅडम हुंदका देत म्हणाल्या. "सगळं श्रेय तुझंच!"

"नाही, मॅडम. तो हिरवा मी आहे."

"विनम्र किती बघा…"

"मॅडम, सातवा गट म्हणजे मी. डुकरं काहीच म्हणत नाहीत. मी म्हणतो. अकरा हजार चारशे सहा वेळा मीच म्हणालोय. मला माहीत नव्हतं. काल कळलं. मी काल सांगणार होतो."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगेत आधी थांबल्या, मागे उशिरा कळलं, आणि अगदी शेवटी मामा एकटेच वाजवत राहिले, कारण ते नळवाल्याशी बोलत होते. मग तेही थांबले. शरमेने माणसाचे कान तापतात हे मिहिरला ठाऊक होतं, पण त्याला आता गुडघ्यांपर्यंत तापल्यासारखं झालं होतं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. मग खाली गोठ्याचं गटार आहे हे आठवलं, आणि तरीही चालेल असं वाटलं.

"खात्री करू," परीक्षक म्हणाले. "म्हणा."

"काय?"

"तेच."

"आत्ता मुद्दाम नाही येणार, सर. कोणीतरी काहीतरी सांगत असायला लागतं."

परीक्षकांनी विचार केला. मग ते आपल्या घराच्या छताला ओल कशी येते आणि त्यावर गवंड्याने काय सांगितलं, हे मिहिरला सांगू लागले. तिसऱ्या वाक्याशी हिरवा ठिपका उमटला. चौथ्याशीही उमटला. कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताईंचा रुमाल घडी करून ताईंना परत दिला, आणि त्या दिवशी मिहिरला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं नाव काढून घ्या. चूक माझी एकट्याची आहे."

"आम्ही पाच वर्षं एकदाही ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "नियम माझा होता."

परीक्षकांचं मात्र दोघांकडे लक्ष नव्हतं. ते पडद्यापाशी जाऊन नव्वद दिवसांचे आलेख मागे मागे सरकवत होते. "याचं झालं," ते पाठमोरेच म्हणाले. "हा वाट बघून हं म्हणतो. डुकरं त्यावर काय करतात, ते कोणी मोजलंय?"

कोणी मोजलं नव्हतं. मोजायला लागले. पहिल्या दिवशी एकेक डुकरीण घुरघुरल्यावर थांबायची. हिरवा ठिपका यायचा, आणि मगच ती किंवा दुसरी पुढे बोलायची. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाचव्या, आठव्या, दहाव्या दिवशीही तसंच. अकराव्या दिवसापासून ती फट नाहीशी झाली. हिरवा ठिपका आपल्या वेळेला येतच होता, पण डुकरिणी त्याच्यासाठी थांबत नव्हत्या. त्याच्यावरूनच पुढे बोलत होत्या, जसा काही तो पावसाचा किंवा पंख्याचा आवाज असावा.

"दहा दिवस त्यांनी याला ऐकणारा मानला," परीक्षक म्हणाले. "मग त्यांच्या लक्षात आलं."

मॅडमनी नाक पडद्याला लावलं. "म्हणजे डुकरांना कळतं, समोरचा ऐकतोय की नाही?"

"या सहांना तरी कळलेलं दिसतंय. यात प्रबंध आहे, मॅडम. नाव तुमचं राहू द्या. सहा महिने वाढवून देतो." मग त्यांनी मिहिरकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "अडचण एकच. यांना पदवी विद्यार्थी म्हणून द्यायची की नमुना म्हणून, ते बघावं लागेल. तोवर नोंदी दुसऱ्या कोणीतरी घ्यायच्या. यांनी रोज दहा ते चार नुसतं स्टुलावर बसायचं आणि स्वभाव अजिबात बदलायचा नाही."

लोक उठले. खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. मॅडम आपल्या ताईंना अकरावा दिवस बोटाने दाखवत होत्या आणि ताई मान डोलवत होत्या. मिहिर हळूहळू शेवटच्या रांगेपाशी गेला. पदवी वाचली होती, पण ते तिला आनंदाने सांगावं असं त्यात काही सापडत नव्हतं.

"दहा दिवस?" बायकोने विचारलं.

"हो."

"मला चार वर्षं लागली," ती म्हणाली. "तेही स्पीकर होता म्हणून."

ती त्याला ओलांडून कुंपणाकडे गेली.

"मामा, यांचं ऐकणं पहिल्यांदा कोणी सोडलं?"

मामांना आलेख वाचायची गरज नव्हती. त्यांनी मिहिरला नव्वद दिवस स्टुलावर पाहिलं होतं. "ती पाच नंबर," ते म्हणाले. "अकराव्या दिवशी सकाळीच. बाकीच्या तिचं बघून."

बायको पाच नंबरसमोर वाकली, कुंपणावर दोन्ही हात ठेवले आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगू लागली. बरंच काही असावं. डुकरीण तोंड वर करून उभी राहिली. तिने मध्ये तोडलं नाही. बायकोचं पुरतं संपलं, थोडी फट गेली, आणि मग ती एकदाच, थोडक्यात घुरघुरली. बायको हसली आणि पुढे बोलू लागली.

मिहिर चार पावलं जवळ सरकला. मायक्रोफोन काढून ठेवलेले होते, पडदा बंद होता, आणि नळवाल्याने ठोकाठोकी सुरू केली होती. त्याने दोन्ही हात कानांमागे धरले, श्वास रोखला, पण त्या दोघींमधला एकही शब्द त्याला ऐकू येईना.